फलंदाजी व गोलंदाजी यांतील समतोल (मुंबई व महाराष्ट्रातील क्रिकेट)

चेंडू टाकणारा आणि तो टोलविणारा अशा दोघांच्या द्वंद्वावर उभ्या असलेल्या खेळांत त्या दोघांना यशाची जी कमीअधिक संधी मिळते, तिच्या प्रमाणास हा समतोल म्हणता येईल. क्रिकेट आणि बेसबॉल हे या वर्गातील दोन प्रमुख खेळ. दोहोंतही हे प्रमाण कायम राहत नाही. मैदान, साधने, नियम आणि खेळणाऱ्यांचे कौशल्य यांपैकी एकात बदल झाला, की तराजूचे एक पारडे खाली जाते. अमेरिकेत हा तोल नियमकर्त्यांनी वेळोवेळी हेतुपुरस्सर साधला. मुंबई-पुण्याच्या क्रिकेटमध्ये मात्र तो पुष्कळ काळ खेळपट्टी, पाऊस आणि खेळाडूंचे सामाजिक स्थान यांनी ठरविला. म्हणूनच या प्रदेशातील विक्रमांचे आकडे वाचताना ते कोणत्या तोलात घडले, हे पाहणे अगत्याचे ठरते.

बेसबॉलमध्ये पिचर ज्या जागेवरून चेंडू टाकतो, तिचे मूळ चौथऱ्यापासूनचे अंतर १८९३ मध्ये ६० फूट ६ इंच ठरविण्यात आले व ते आजही तेच आहे. चेंडू जमिनीवर न टप्पावता थेट हवेतून येत असल्याने मैदानाचा पृष्ठभाग या द्वंद्वात जवळजवळ येतच नाही. त्यामुळे एका पक्षाचे वर्चस्व वाढल्यास उपाय नियमांतूनच करावा लागतो. १९६८ च्या हंगामात पिचर इतके वरचढ ठरले, की सेंट लुइस संघाच्या बॉब गिब्सनने नऊ डावांमागे सरासरी अवघ्या १·१२ धावा दिल्या आणि अमेरिकन लीगमध्ये फटकेबाजीत पहिल्या आलेल्या कार्ल यास्ट्रेम्स्कीची सरासरी केवळ ·३०१ भरली. पुढच्याच वर्षी पिचरच्या उंचवट्याची कमाल मर्यादा १५ इंचांवरून १० इंचांवर आणण्यात आली व अचूक चेंडूचे मान्य क्षेत्रही आखूड करण्यात आले. १९७३ मध्ये अमेरिकन लीगने पिचरऐवजी दुसऱ्याच खेळाडूने फटकेबाजी करण्याची मुभा दिली. नॅशनल लीगने ती कायमची स्वीकारली २०२२ मध्ये. २०२३ पासून चेंडू टाकण्यास कालमर्यादा घालण्यात आली आणि क्षेत्ररक्षकांच्या मांडणीवर बंधने आली. या बदलांचा रोखही मुख्यतः टोलविणाऱ्यास हात देण्याकडेच आहे.

क्रिकेटमध्ये चेंडू बहुधा जमिनीवर पडून फलंदाजाकडे येतो. साहजिकच २२ यार्डांची ती पट्टीच तिसरा खेळाडू होऊन बसते. तिच्यावरील गवत, ओल, माती व रोलर यांमुळे एकाच नियमपुस्तिकेखाली दोन शहरांत दोन निराळे खेळ चालू शकतात. नियमांनीही या तोलात हस्तक्षेप केलेला आहे. १९३१ मध्ये यष्ट्यांची उंची व रुंदी एकेका इंचाने वाढविण्यात आली. १९३५ पासून प्रायोगिक रीतीने व १९३७ पासून कायमपणे उजव्या यष्टीबाहेर टप्पा पडलेल्या चेंडूवरही फलंदाज पायचीत होऊ लागला. हे दोन्ही बदल गोलंदाजाच्या बाजूचे होते. परंतु पुढील दशकात पश्चिम भारतात जे घडले ते पाहता, निर्जीव खेळपट्टीपुढे त्यांचे फारसे चालले नाही.

महाराष्ट्रातील या इतिहासाचा आरंभ एका गोलंदाजापासून करणे उचित होईल. पालवणकर बाळू (१८७६–१९५५) हे चर्मकार समाजातील डावखुरे मंदगती फिरकी गोलंदाज. पुण्याच्या युरोपियन जिमखान्यात त्यांना महिना काही रुपये पगारावर खेळपट्टी लाटणे, आखणे, जाळी उभारणे अशी कामे होती. जोडीला सरावासाठी साहेबांना गोलंदाजी करणे हेही काम होते. ज्या पट्टीवर आपण चेंडू टाकणार ती आपणच लाटायची, असा हा विलक्षण योग होता. जे. जी. ग्रेग हे तेथील नामांकित फलंदाज त्यांच्या गोलंदाजीवर तासन् तास सराव करीत. बाळूंना मात्र तेथे फलंदाजीची संधी दिली जात नसे. बॅट ही मानाची आणि चेंडू हा राबणाऱ्याचा, अशी एक अलिखित वाटणी त्या काळी रूढ होती. तिची सावली पुढेही बराच काळ रेंगाळली. हिंदू संघात घेतल्यावरही चहाच्या वेळी त्यांना मंडपाबाहेर मातीच्या भांड्यात चहा देण्यात येई. १९०६ मध्ये हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरविले त्यात बाळूंचा वाटा मोठा होता. १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडला गेलेल्या संघाकडून त्यांनी सर्व सामने मिळून ११४ बळी घेतले. संघ बहुतेक सामने हरला असताना ही कामगिरी झाली, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. ते १९२३ मध्ये त्यांचे बंधू विठ्ठल यांच्याकडे आले. विठ्ठल हे फलंदाज होते.

रणजी करंडक सामने १९३४-३५ पासून सुरू झाले आणि मुंबईचे ब्रेबोर्न स्टेडियम १९३७ मध्ये उभे राहिले. त्यानंतरच्या दहा-बारा वर्षांत पारडे फलंदाजांकडे इतके झुकले, की तसे उदाहरण अन्यत्र क्वचितच सापडेल. मोहंमद निसार आणि अमरसिंग ही जलद गोलंदाजांची जोडी मागे पडली होती. त्यांपैकी अमरसिंग १९४० मध्ये निवर्तले. त्यांच्या तोडीचे वारसदार लाभले नाहीत. खेळपट्ट्या जड रोलरने लाटून सिमेंटसारख्या गुळगुळीत केल्या जात. शिवाय महत्त्वाचे सामने निकाल लागेपर्यंत लांबविण्याची प्रथा असल्याने घाई करण्याचे कारण कोणासच उरले नव्हते. १९३९-४० मध्ये पुण्यात विजय हजारे यांनी महाराष्ट्रातर्फे बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा केल्या. प्रथम श्रेणीच्या सामन्यातील भारतीय खेळाडूचे ते पहिले त्रिशतक होय. पुढील वर्षी महाराष्ट्राने मुंबईविरुद्ध ६७५ धावा उभारल्या. त्यांत वयाची अठ्ठेचाळीस वर्षे पूर्ण केलेल्या दि. ब. देवधरांच्या २४६ होत्या. मुंबईचे उत्तर ६५० धावांचे. तेवढ्या फरकाने महाराष्ट्र पुढे गेला व त्याने करंडक राखला. १९४३-४४ मध्ये विजय मर्चंट यांनी महाराष्ट्राविरुद्ध नाबाद ३५९ धावा काढल्या. त्याच हंगामातील पंचरंगी सामन्याच्या अंतिम फेरीत त्यांनी नाबाद २५० केल्या, तेव्हा हजाऱ्यांनी शेष संघाच्या दुसऱ्या डावातील ३८७ पैकी एकट्याने ३०९ धावा करून त्यास प्रत्युत्तर दिले.

या धावांची किंमत कोणी मोजली, हे १९४४-४५ च्या अंतिम सामन्यावरून कळते. ब्रेबोर्नवर मुंबई आणि होळकर संघ यांनी मिळून २,०७८ धावा केल्या. मुंबईचा दुसरा डाव ७६४ धावांचा होता. होळकरांकडून सैन्यातील नोकरीनिमित्त भारतात आलेल्या डेनिस कॉम्प्टनने नाबाद २४९ धावा करूनही मुंबई ३७४ धावांनी जिंकली. या सामन्यात मूळचे नागपूरचे लेगब्रेक गोलंदाज सी. एस. नायडू यांनी दोन डावांत मिळून ९१७ चेंडू, म्हणजे जवळजवळ १५३ षटके टाकली, ४२८ धावा दिल्या आणि ११ बळी घेतले. एका सामन्यात एकाच गोलंदाजाने टाकलेल्या चेंडूंचा तो जागतिक उच्चांक आहे. मर्चंट व कॉम्प्टन यांची नावे या सामन्यासंदर्भात नेहमी घेतली जातात. नायडूंचा उच्चांक मात्र एखाद्या कुतूहलासारखा तळटीपेत पडून राहिला. ऐन मार्चच्या उन्हात मनगटाने चेंडू वळविण्याचे हे श्रम कोणत्याही त्रिशतकाहून हलके म्हणता येणार नाहीत.

१९४८-४९ या हंगामाने कळस गाठला. पुण्यात उपांत्य सामन्यात मुंबईने महाराष्ट्राविरुद्ध ६५१ आणि ८ बाद ७१४, तर महाराष्ट्राने ४०७ आणि ६०४ धावा केल्या. सात दिवस चाललेल्या या सामन्यात एकूण २,३७६ धावा आणि नऊ शतके झाली. प्रथम श्रेणीच्या एका सामन्यातील धावसंख्येचा हा उच्चांक अद्याप अबाधित आहे. ६०४ धावा करूनही महाराष्ट्र ३५४ धावांनी हरला. याच हंगामात, डिसेंबर १९४८ मध्ये, पूना क्लबच्या मैदानावर कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर (१९१९–२०१२) काठेवाडविरुद्ध नाबाद ४४३ धावांवर होते. महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ धावा झाल्या होत्या आणि डॉन ब्रॅडमनचा त्या वेळचा ४५२ धावांचा जागतिक विक्रम नऊ धावांवर आला होता. तेवढ्यात राजकोटचे ठाकूरसाहेब असलेल्या काठेवाडच्या कर्णधाराने खेळ पुढे चालविण्यास नकार देऊन सामना सोडून दिला. या प्रसंगाकडे अखिलाडू वर्तनाचा नमुना म्हणून पाहिले जाते आणि ते योग्यच आहे. तथापि त्यात एका असमान झगड्याची कबुलीही दडलेली आहे, हे नाकारता येत नाही. ज्या पट्टीवर गोलंदाजास काहीच करता येत नाही तेथे तो किती वेळ चेंडू टाकत राहील, या प्रश्नाला मिळालेले ते उद्धट पण खरे उत्तर होते.

या प्रकरणाची दुसरी बाजू अधिक बोलकी आहे. निंबाळकरांना कसोटी सामना एकदाही खेळावयास मिळाला नाही. धावांचे पीक उदंड आले, की धावांचा भावही उतरतो आणि चारशे धावा करणारा फलंदाजही निवड समितीच्या डोळ्यांत भरत नाही. तोल ढळल्याने गोलंदाजाची हानी होते हे उघड आहे. फलंदाजाची हानी तितकीशी दिसत नाही, एवढाच काय तो फरक.

मुंबईत या अतिरेकास उतारा मिळाला तो पावसाने. डॉ. होरमसजी कांगा यांच्या नावाने १९४८ मध्ये, म्हणजे नेमक्या याच धावांच्या महापुराच्या वर्षी, पावसाळी साखळी सामने सुरू झाले. आझाद मैदान, क्रॉस मैदान, शिवाजी पार्क अशा मैदानांवर जुलैपासून रविवारी हे सामने होत. खेळपट्ट्या उघड्या, गवत वाढलेले, भोवती चिखल. कधी चेंडू गुडघ्याखाली सरपटत येई, तर कधी त्याच जागेवरून हनुवटीपर्यंत उसळे. हवेत दमटपणा असल्याने साधारण वेगाच्या गोलंदाजाचा चेंडूही वळसा घेई. उंच गवतामुळे जमिनीवरून मारलेला फटका सीमारेषेपर्यंत पोचत नसे आणि पन्नास धावांना शतकाचा मान मिळे. कोरड्या मोसमात मुंबईच्या फलंदाजास सोपी पट्टी मिळे. पावसाळ्यात त्याच फलंदाजाचे तंत्र तपासले जाई. चेंडू शेवटपर्यंत पाहणे, बॅट सैल हाताने धरून ती अंगाजवळ ठेवणे, सोडण्याजोगा चेंडू सोडणे ही ज्यास मुंबईची शाळा म्हणतात तिची लक्षणे या ओल्या पट्ट्यांवर घडली, असे मानण्यास आधार आहे. सुनील गावसकर यांनी मार्च १९८७ मध्ये बंगलोर येथे पाकिस्तानविरुद्ध आपल्या शेवटच्या कसोटी डावात, चेंडू वाटेल तसा वळत व उसळत असलेल्या खेळपट्टीवर ९६ धावा केल्या. भारत तो सामना १६ धावांनी हरला. गावसकरांच्या ३४ कसोटी शतकांपैकी कित्येकांपेक्षा हा डाव जाणकार वरचा मानतात, याचे कारण तो ज्या तोलात खेळला गेला त्यात आहे.

१९५८-५९ ते १९७२-७३ अशी सलग पंधरा वर्षे मुंबईने रणजी करंडक जिंकला. या कालखंडाची कीर्ती फलंदाजांच्या नावे सांगितली जाते. सामने जिंकण्यासाठी मात्र प्रतिपक्षाचे वीस गडी बाद करावे लागतात. मालिकेच्या पहिल्याच हंगामात अंगाने किरकोळ असलेल्या रमाकांत देसाई यांनी जलद गोलंदाजी करून ५० बळी घेतले. सुभाष गुप्ते यांनी तत्पूर्वी १९५४-५५ मध्ये ब्रेबोर्नच्या त्याच फलंदाजधार्जिण्या पट्टीवर पाकिस्तानी सैन्यदले व बहावलपूर यांच्या संयुक्त संघाचे एका डावातील दहाही गडी ७८ धावांत बाद केले होते. नाशिकचे बापू नाडकर्णी (१९३३–२०२०) यांनी निराळाच मार्ग पत्करला. बळी मिळत नसेल तर धावाही द्यावयाच्या नाहीत, या हट्टाने त्यांनी जानेवारी १९६४ मध्ये मद्रास येथे इंग्लंडविरुद्ध ३२ षटकांपैकी २७ निर्धाव टाकली व एकूण ५ धावा दिल्या. त्यांतील २१ षटके सलग निर्धाव होती. सपाट पट्टीवर गोलंदाजाने केलेला हा सत्याग्रहच म्हणावा लागेल.

पंधरावा करंडक चेपॉकवर मिळाला. १९७२-७३ च्या त्या अंतिम सामन्यात पट्टी पहिल्या दिवसापासून फिरकीस वश होती. मुंबईच्या १५१ व ११३ धावांना तमिळनाडूचे उत्तर ८० व ६१ होते आणि सामना तिसऱ्या दिवशी पहिल्याच चेंडूवर संपला. पद्माकर शिवलकर (१९४०–२०२५) यांनी १६ धावांत ८ व १८ धावांत ५ बळी घेतले. शिवलकरांनी प्रथम श्रेणीच्या सामन्यांत ५८९ बळी मिळविले. निंबाळकरांप्रमाणे त्यांच्याही वाट्यास कसोटी सामना आला नाही. बिशनसिंग बेदी हे त्याच पद्धतीचे गोलंदाज त्या काळी संघात होते, हे त्याचे कारण सांगितले जाते व ते खोटे नाही. परंतु समकालीन फलंदाजांपैकी एकाच घडणीचे दोन-तीन जण संघात सहज सामावत, ही गोष्टही तितकीच खरी आहे.

शालेय क्रिकेटमध्ये हा तोल फार पूर्वीच मोडला. १९८८ मध्ये हॅरिस शील्ड सामन्यात सचिन तेंडुलकर व विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची अखंड भागीदारी केली. नोव्हेंबर २०१३ मध्ये त्याच स्पर्धेत विरारमध्ये वाढलेल्या चौदा वर्षांच्या पृथ्वी शॉने ३३० चेंडूंत ५४६ धावा काढल्या. जानेवारी २०१६ मध्ये कल्याण येथे प्रणव धनावडे याने नाबाद १,००९ धावा केल्या आणि त्याच्या संघाने ३ बाद १,४६५ वर डाव सोडला. प्रतिस्पर्ध्यांचे दोन डाव ३१ व ५२ धावांत संपले. एका बाजूस तयार संघ आणि दुसऱ्या बाजूस नवखी मुले अशी ही रचना. या आकड्यांच्या बातम्या जगभर गेल्या. त्या दोन दिवसांत चेंडू टाकणाऱ्या मुलांपैकी किती जणांनी पुढे गोलंदाजी चालू ठेवली असेल, हा विचार सहसा कोणी केला नाही.

विरार, आगाशी व त्यापलीकडील पालघर या पट्ट्यातून मुंबईच्या मैदानांकडे जाणारी वाट लोकलची आहे. क्रिकेटचे साहित्य पाठीवर घेऊन पहाटेची गाडी पकडणारी मुले या मार्गावर नवीन नाहीत. आगाशी-अर्नाळ्याच्या बाजूस रेताड जमिनीवर किंवा भातकापणीनंतरच्या शेतात टेनिसच्या चेंडूने जो खेळ चालतो, त्याचा तोल पुन्हा वेगळा असतो. हलका चेंडू पट्टीवर थांबून येतो, षटके मोजकी असतात आणि फलंदाज पहिल्याच चेंडूपासून बॅट फिरवितो. अशा खेळात गोलंदाजास वेगापेक्षा टप्पा व फसवणूक यांवरच भिस्त ठेवावी लागते. पालघरचा शार्दूल ठाकूर हा या जिल्ह्याने दिलेला गोलंदाज. जानेवारी २०२२ मध्ये जोहान्सबर्ग येथे त्याने दक्षिण आफ्रिकेचे ७ गडी ६१ धावांत बाद केले. तरीही त्याचे नाव निघाले, की पुष्कळांना आधी आठवतात त्या जानेवारी २०२१ मध्ये ब्रिस्बेन येथे केलेल्या ६७ धावा, किंवा मार्च २०२४ मधील रणजी उपांत्य सामन्यात तमिळनाडूविरुद्ध अडचणीच्या वेळी काढलेले शतक. गोलंदाजास मान मिळविण्यासाठी बॅट हाती घ्यावी लागते, ही बाळूंच्या काळातील वाटणी अजून पुरती पुसली गेलेली नाही.

अलीकडील काळात एकाच मोसमात दोन्ही टोके पाहावयास मिळाली. ऑक्टोबर २०१६ मध्ये रणजी सामने तटस्थ मैदानांवर होत असताना वानखेडे स्टेडियमवर महाराष्ट्राच्या स्वप्निल गुगळे (नाबाद ३५१) आणि अंकित बावणे (नाबाद २५८) यांनी दिल्लीविरुद्ध ५९४ धावांची अखंड भागीदारी केली. दिल्लीकडून ऋषभ पंतने त्रिशतक काढले व सामना अनिर्णित राहिला. त्यानंतर चार महिन्यांनी, फेब्रुवारी २०१७ मध्ये, पुण्याजवळील गहुंजे येथे ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह ओकीफ या फिरकी गोलंदाजाने ७० धावांत १२ बळी घेतले, भारताचे डाव १०५ व १०७ धावांत आटोपले आणि आंतरराष्ट्रीय मंडळाने ती खेळपट्टी निकृष्ट ठरविली. खेळपट्टीला निकृष्ट ठरविण्याची तत्परता सामना तीन दिवसांत संपल्यावर जितकी दिसते, तितकी तो पाच दिवसांत निकालाविना संपल्यावर दिसत नाही, असा गोलंदाजांचा जुना आक्षेप आहे. तो सर्वस्वी निराधार नाही.

मर्यादित षटकांच्या खेळात नियमांचा कल बराच काळ एकाच दिशेने राहिला. २०११ पासून एकदिवसीय सामन्यात दोन्ही टोकांनी नवा चेंडू वापरण्यात येऊ लागल्याने चेंडू जुना होऊन उलटा स्विंग होण्याची कला जवळजवळ लोपली. श्रीरामपूरच्या झहीर खानने ज्या कलेवर नाव मिळविले ती हीच. बॅटची जाडीही वाढत गेली. अखेर २०१७ मध्ये कडेची जाडी ४० मिमी. व एकूण खोली ६७ मिमी. अशी मर्यादा घालावी लागली. इंडियन प्रीमियर लीगमध्ये २०२३ पासून सामन्याच्या ओघात एक खेळाडू बदलण्याची सोय झाली. बेसबॉलमधील पिचरऐवजी फटकेबाजी करणाऱ्या खेळाडूचीच ही भावंड म्हणावी लागेल. तिच्यामुळे प्रत्येक संघास एक जादा फलंदाज मिळाला. एप्रिल २०२४ मध्ये हैदराबादच्या संघाने २० षटकांत ३ बाद २८७ धावा केल्या. अष्टपैलू खेळाडूंची वाढ खुंटेल, या कारणास्तव मुंबईचा रोहित शर्मा याने त्याच वर्षी या सोयीबद्दल जाहीर नापसंती दर्शविली. उलट दिशेचे काही उपायही याच सुमारास योजण्यात आले. २०२४ पासून त्या स्पर्धेत एका षटकात दोन आखूड, उसळत्या चेंडूंना परवानगी मिळाली आणि २०२५ मध्ये चेंडूस थुंकी लावून चकाकी देण्यावरील बंदी तेथे उठविण्यात आली. जुलै २०२५ पासून आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामन्यांत ३४ षटकांनंतर दोहोंपैकी एकच चेंडू दोन्ही टोकांनी वापरावयाचा असा नियम झाला. त्यामुळे डावाच्या शेवटी गोलंदाजाच्या हाती पुन्हा जुना, खरबरीत चेंडू येऊ लागला आहे.